लागला का जी कुठी?

आमच्या भंडारा जिल्ह्यात लग्नाच्या पंगतीत, तेरवीच्या मांडवात, बसस्टँडवर आणि न्हाव्याच्या खुर्चीत एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "पोरगा लागला का जी कुठी?" बाहेरच्या माणसाला वाटेल, पोराला ठेच लागली की ऊन लागलं? आम्हाला तसा घोळ होत नाही. इथे 'लागणे' म्हणजे नोकरी लागणे, आणि 'नोकरी' म्हणजे सरकारी नोकरी. बाकी सगळं 'सध्या काहीतरी करून राहिला' या खात्यात जमा होतं.

मी बावन्न वर्षांचा आहे. भंडारा शहरात कर सल्लागार म्हणून लोकांची विवरणपत्रे भरतो. या वयात चिडायला कारणं पुष्कळ सापडतात. मोबाइल स्पीकरवर ठेवून सगळ्या ऑफिसला आपला जमिनीचा वाद ऐकवणारे, 'पाच मिनिटांत आलो' सांगून दुसऱ्या दिवशी उगवणारे, आणि ३१ जुलैच्या रात्री दहा वाजता 'साहेब, जेवले का?' असा आपुलकीचा फोन करून मग फॉर्म १६ पाठवणारे. पण या सगळ्यांहून 'लागला का' हा प्रश्न मला जास्त सलत आला आहे. आणि दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत तो मीच एका पोराला विचारला.

पोरगा एकोणतीस वर्षांचा. वडील माझे जुने पक्षकार, त्यांच्यासोबत आला होता. मी कागद उघडायच्या आधीच सवयीने म्हणालो, "मग, लागलास का कुठे?" वडिलांनी मान खाली घातली. पोरगा म्हणाला, "नाही काका. काम करतो."

तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. उन्हाळी धानाच्या मोसमात त्याला जेवायला फुरसत नसते. त्याचं वर्षाचं उत्पन्न मी मोजलं तेव्हा ते चार लाखांच्या वर निघालं. त्याने सोबत एक प्लॅस्टिकची फाइल आणली होती. तिच्यात सहा-सात वर्षांच्या भरती परीक्षांच्या फीच्या पावत्या नीट लावलेल्या होत्या. त्याने विचारलं, "काका, हे खर्चात दाखवता येते का?" मी म्हणालो, नाही येत. त्याने फाइल बंद केली. त्या दिवसापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो आहे : हा आला कुठून?

सुरुवात शब्दापासूनच करू. 'नोकर' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि फारसीत तो मंगोल भाषेतून गेला. मूळ मंगोल शब्दाचा अर्थ सोबती, सरदाराच्या बरोबरीने घोड्यावर बसणारा साथीदार. आपल्यापर्यंत येईतो तो घोड्यावरून उतरून दाराशी उभा राहिला. जुन्या मराठी म्हणीने त्याला शेवटची पायरी दिली : उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. माझ्या आजोबांच्या पिढीला ही म्हण अगदी खरी वाटत असे. मग ती उलटी कशी झाली?

आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. गावोगावी मालगुजार. धानाची शेती तलावांवर चाले. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या बांधलेले हे तलाव आजही 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात; मामा म्हणजे माजी मालगुजारी. पाळ कुठे घालायची, पाणी कोणत्या बांधीला आधी द्यायचं, ही मोठी विद्या होती. शहरात पितळेचं काम होतं. भंडारा हे नावच 'भाणे' म्हणजे भांडे या शब्दावरून आलं असं सांगतात. इथले गुंड, गंज, घागरी दूरवर जात. मोहाडी-आंधळगावकडे कोशाचं कापड विणलं जाई. तेंदूच्या पानांवर विड्या वळून हजारो घरं चालत.

त्या काळी अनोळखी माणसाला 'लागला का' असं कोणी विचारत नसे. विचारत, 'कोणाचा होस?' म्हणजे बाप कोण, गाव कोणतं, आणि न बोलता विचारलेलं तिसरं, जात कोणती. उत्तर मिळालं की तू आयुष्यभर काय करणार तेही कळलं. तांबटाचा पोरगा ठोके मारणार, विणकराचा माग चालवणार, आणि ज्यांच्या वाट्याला गावकीची कामं आली होती त्यांची पोरं तीच कामं करणार. 'आमच्या काळी करिअरचं टेन्शन नव्हतं' असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना मी हे आठवण करून देतो. टेन्शन नव्हतं, कारण निवडच नव्हती.

ही चौकट विसाव्या शतकाच्या मध्यावर एकाच वेळी अनेक बाजूंनी तुटली. मध्य प्रांतात मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० साली झाला आणि १९५१ मध्ये अमलात आला. तलाव सरकारकडे गेले. मालगुजाराची सत्ता गेली हे चांगलंच झालं. पण तलावांतला गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न पुढे अनेक गावांत तसाच पडून राहिला. पितळेच्या जागी स्टील आलं. हलकं, स्वस्त, कल्हई नको.

याच सुमारास दुसरं एक दार उघडत होतं. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, जुलै १९४५ मध्ये, सुटून येणाऱ्या सैनिकांना काम मिळावं म्हणून सरकारने एक यंत्रणा उभी केली. तीच पुढे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज झाली. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याआधी १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी जागा राखीव ठेवण्याचा निर्णय झाला होता, त्यामागेही तेच होते. हेच बाबासाहेब १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातला हा डाग कोणी फारसा काढत नाही.

पण निवडणूक हरलेल्या माणसाने उघडलेलं दार बंद झालं नाही. ज्या घरातल्या माणसाला गावात 'कोणाचा होस' या प्रश्नाचं उत्तर देताना मान खाली घालावी लागे, त्याच घरातला पोरगा पोस्टात, रेल्वेत, शाळेत लागला. आता गावात आल्यावर लोक विचारू लागले, 'कुठे लागला?' उत्तर देताना त्याची मान वर असे. माझी चीड इथे थोडी थांबते. आज मला आगाऊ वाटणारा हा प्रश्न एका पिढीला जन्माच्या प्रश्नातून सोडवणारा होता. बाप कोण हे न विचारता तू काय झालास हे विचारणारा.

मग १९६२ चं चीनशी युद्ध झालं. देशाला दारूगोळा हवा होता. १९६४ मध्ये जवाहरनगरची आयुध निर्माणी उभी राहिली. क्वार्टर, शाळा, दवाखाना, पाळ्यांचं काम, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार आणि शेवटी पेन्शन. पाऊस आला न आला, पगार येणार. तलावाच्या पाळीकडे बघत जगणाऱ्या जिल्ह्यात याचा अर्थ काय झाला असेल, विचार करा. लग्नाच्या बाजारात 'ऑर्डनन्सचा मुलगा' ही स्वतंत्र जात झाली. म्हण उलटी झाली ती आळसामुळे नव्हे, हिशेबामुळे झाली.

माझ्या तरुणपणी आम्ही एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवत असू. एक कार्ड मिळे, त्याचं वेळोवेळी नूतनीकरण करायचं आणि 'कॉल'ची वाट बघायची. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ एक्स्चेंजकडून नावं मागवून भागणार नाही, जाहिरातही द्यायला हवी. रांग संपली आणि स्पर्धा सुरू झाली. मला कॉल आला तेव्हा माझं ऑफिस सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. मी गेलो नाही. आई पुढची कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगत असे, "याचा कॉल आला होता." माझ्या ऑफिसबद्दल ती काही सांगत नसे.

दरम्यान 'लागणे' आतून पोखरत गेलं. मी ते लोकांच्या कागदांत बघत आलो. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. एकाच विभागात, एकाच टेबलावर काम करणारे दोघे, एक २००३ चा, एक २००४ चा, आणि त्यांची म्हातारपणं वेगळी. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या आयुध निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या आणि जवाहरनगरचे कामगार कंपनीत 'प्रतिनियुक्तीवर' गेले. न हलता बदली. २०२२ मध्ये अग्निपथ आली : चार वर्षं, आणि त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम. पहाटे रस्त्यांवर धावणारी पोरं आजही दिसतात, फक्त 'लागला'ला आता मुदत आहे.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हातात प्रकल्पग्रस्त दाखला आला, त्याच्या आधारे सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण. घरात दाखला एक, पोरं तीन, आणि जागा निघतात थोड्या. मी असे दाखले बघितले आहेत, घडीवर फाटलेले, मागून चिकटपट्टी लावलेले. उत्तम शेती देऊन कनिष्ठ नोकरीची वाट बघणारी ही माणसं. त्यांनी एकमेकांना 'लागला का' विचारलं तर मी कोणत्या तोंडाने त्यांना शिष्टाचार शिकवू?

२०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या. अर्ज दहा लाखांवर. फी हजार रुपये, मागासवर्गीयांना नऊशे. माझ्यासमोर बंद झालेल्या त्या फाइलमध्ये यातलीही एक पावती होती.

आणि २४ जानेवारी २०२५. त्या शुक्रवारी सकाळी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला. आठ कामगार गेले. शहरात फोन वाजत राहिले; प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी 'तिथे लागलेला' होता. संध्याकाळी माझ्या ऑफिसात दोन म्हातारे बसले होते, दोघांचीही हयात नोकरीत गेलेली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "आपण पोरीसाठी सुरक्षित नोकरीवाला पाहून राहिलो होतो." दुसऱ्याने फक्त मान हलवली.

तर माझं मत असं. हा प्रश्न वाईट माणसांनी काढलेला नाही. दुष्काळ, जात आणि कर्ज यांच्यातून सुटलेल्या लोकांनी तो काढला आणि त्यांच्यापुरता तो बरोबर होता. आज नोकरी मागणाऱ्या पोरांना मी मूर्खही म्हणणार नाही. ठरलेला पगार आणि म्हातारपणाची सोय मागणं यात लाजण्यासारखं काही नाही. 'नोकरीच्या मागे धावू नका, उद्योजक व्हा' असं व्यासपीठावरून सांगणाऱ्या बहुतेकांना दर महिन्याला पगार किंवा पेन्शन मिळते, हे मी त्यांच्याच विवरणपत्रांवरून सांगू शकतो. पण जो प्रश्न माणसाला जातीच्या खोड्यातून काढायला आला, तोच आता दुसरा खोडा झाला आहे. मोटारी बांधणारा, धानाची गाडी चालवणारा, नर्सिंगचं काम करणारी, हे सगळे त्या प्रश्नापुढे 'रिकामे' ठरतात. आणि हा अपमान घरच्यांच्या तोंडून, जेवताना, प्रेमाने होतो.

तुमच्यापैकी जे या प्रश्नाला कंटाळले आहेत त्यांना एवढंच सांगतो : विचारणाऱ्यावर रागावताना त्याने काय पाहिलं आहे तेही एकदा विचारा. आणि माझ्या वयाच्यांना : पोराला भेटलात तर 'काय काम चालू आहे?' म्हणा. ते बोलेल तेवढं ऐका. नाही बोललं तर चहा सांगा.

तो पोरगा यंदाही आला. या वेळी एकटा. मी काही विचारलं नाही. त्यानेच सांगितलं की एका पोराला हाताखाली ठेवलं आहे, दिवसाला पाचशे देतो, त्याची नोंद कशी करायची. मी रजिस्टर कसं ठेवायचं ते समजावलं. उठताना तो म्हणाला, "त्याची माय परवा आली होती. म्हणे, माझा पोरगा तुमच्याकडे लागला, साजरं झालं."