माहितीपूर्ण संमतीचे आकलन (दुर्बल गट)

वैद्यकीय संशोधनाचा हेतू, त्यातील धोके, उपलब्ध पर्याय आणि केव्हाही बाहेर पडण्याची मुभा हे सारे समजून घेऊन सहभागी व्यक्तीने दिलेला होकार म्हणजे माहितीपूर्ण संमती. निरक्षर, बालके, कैदी, मनोरुग्ण किंवा उपचारासाठी संशोधक-डॉक्टरवरच विसंबून असलेले रुग्ण यांच्याबाबतीत सही मिळवणे सोपे, आकलन पडताळणे अवघड.

भारतात हा फरक उघडा पडला तो एचपीव्ही लस प्रकल्पात. ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने 2009 मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत 10 ते 14 वर्षांच्या मुलींना लस दिली. खम्मममधील अनेक मुली आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीच्या 2013 च्या अहवालानुसार तेथील 9,543 संमतीपत्रांपैकी 2,763 वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या आणि 1,948 वर अंगठे. पालकांच्या वतीने सही करायला मुख्याध्यापक-वॉर्डनना सरकारी परिपत्रकानेच सांगितले होते. शिवाय प्रकल्पात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचे बोधचिन्ह वापरल्यामुळे हे नेहमीचे सरकारी लसीकरण आहे असा समज होणे स्वाभाविक होते. सात मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. संमतीतील दोष त्यामुळे पुसला जात नाही.

सहभागी निरक्षर असल्यास निःपक्ष साक्षीदार लागतो. मुलांबाबत पालकांच्या संमतीखेरीज सात वर्षांपुढील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा, गावप्रमुखाची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेत नाही, असे परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मात्र साक्षीदार पाहतो ते माहिती देणे आणि अंगठा उमटणे. ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरले ते त्याला दिसत नाही. ‘समजलं का?’ या प्रश्नाला डॉक्टरसमोर ‘हो’ हेच उत्तर येते. म्हणून सहभागीलाच सांगायला लावतात: हे औषध नक्की लागू पडेल का, मधेच सोडल्यास नेहमीचे उपचार बंद होतील का? उत्तर चुकले तर पुन्हा समजावून सांगायचे. लांबलेल्या अभ्यासात हे अधूनमधून करावे लागते.

2019 च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार नव्या रासायनिक वा रेणवीय औषधाच्या चाचणीत दुर्बल सहभागींच्या संमतीप्रक्रियेचे दृक्-श्राव्य मुद्रण बंधनकारक आहे. एचआयव्ही व कुष्ठरोगावरील औषधांच्या चाचण्यांत मात्र फक्त ध्वनिमुद्रण करतात.