खडू, साबण आणि कोन

अमेरिकेत दातांच्या डॉक्टरीला प्रवेश हवा असेल तर 'डॅट' द्यावी लागते. आमची भाची सध्या त्याच अभ्यासात बुडालेली आहे. तिला मदत करावी म्हणून वाचायला बसलो आणि भलतीकडेच रमलो. या परीक्षेत एके काळी चक्क खडू कोरायला लावत!

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, १९४४ मध्ये, तिकडे जी.आय. बिल आलं. सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि कॉलेजांत गर्दी झाली. इतक्या मुलांतून निवडायचं कोणाला? मग १९५० पासून देशभर एकच परीक्षा सुरू झाली. तेव्हाचं तिचं नाव 'डेंटल ॲप्टिट्यूड टेस्ट'. विज्ञानाचे प्रश्न होतेच, शिवाय हातात खडू आणि चाकू. आकृतीत दिलेला आकार मापात कोरायचा. म्हणजे अभ्यास काय, तर घरी बसून खडूच्या खडू वाया घालवायचे. आईची बोलणी किती बसत असतील!

१९७२ मध्ये खडू गेला. कोरलेला प्रत्येक तुकडा माणसाने निरखून गुण द्यायचे, हे फार किचकट काम. त्याजागी कागदावरच्या आकृत्या आल्या. कॅनडात मात्र साबणाची वडी तीस मिनिटांत कोरायची परीक्षा बरीच वर्षं टिकली. आता तीही नाही.

आजच्या परीक्षेत आकृत्यांचे ९० प्रश्न, ६० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला चाळीस सेकंद. खरी मेख इथेच आहे. घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल? मुलं चार बाय चारची चौकट काढून उलट्या क्रमाने घड्या उलगडतात. ठोकळे मोजायचे तर आधी एकदाच कोष्टक करतात, किती ठोकळ्यांच्या किती बाजू रंगल्या, आणि त्या आकृतीचे सगळे प्रश्न त्यावरून सोडवतात. कोनांचे प्रश्न मात्र सरावाचे. रोज थोडे, नजर बसेपर्यंत. एका रविवारी शंभर करून काही होत नाही, हे भाचीला मी तीनदा सांगितलंय.

तिचा हात इतका स्थिर की न्यू जर्सीच्या थंडीतही ठिपक्यांची रांगोळी अचूक काढते. त्या हाताला इथे एक गुण नाही, म्हणून ती खट्टू होते. मला विचाराल तर खडू गेला ते बरंच झालं. कोरणं शिकवता येतं. कॉलेजात गेल्यावर मेणाचे दात कोरायला लावतातच, आपल्याकडेही बी.डी.एस.च्या पहिल्या वर्षाला तेच. आणि आपल्या 'नीट'मध्ये तर हात नाही, नजरही नाही. नुसतं फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी.

असो. ताई, हे वाचत असशील तर एक लक्षात ठेव. पूर्वी गुण १ ते ३० असायचे. मार्च २०२५ पासून पट्टी २०० ते ६०० झाली आहे. त्यामुळे शेजारच्यांचा मुलगा 'मला बावीस होते' म्हणाला, तर त्यावरून लेकीला बोलू नकोस!