दिनविशेष : १ नोव्हेंबर १६६६

इंग्लंडच्या डर्बीशायरमधील ईम गावात प्लेगचा शेवटचा बळी गेला (तारीख जुन्या इंग्रजी दिनदर्शिकेची). लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून आदल्या वर्षी साथ शिरली, असे सांगतात. धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि पदावरून दूर झालेले थॉमस स्टॅन्ली यांनी मतभेद विसरून गावकऱ्यांना वेशीबाहेर न जाण्यास राजी केले. मॉम्पेसन यांनी स्वतःची मुले मात्र त्याआधीच बाहेर धाडली होती, हेही नोंदवायला हवे. पत्नी कॅथरिन गावातच राहिली आणि दगावली. शेजारचे लोक हद्दीवरच्या दगडापाशी धान्य ठेवत. मोबदल्याची नाणी व्हिनेगरमध्ये बुडवलेली असत. एलिझाबेथ हॅनकॉक यांनी आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. मृतांचा रूढ आकडा २६०.