आधी सामान, मग कुंपण

वाटणी म्हटली की आपल्याला कोर्टकचेरी आठवते. मी आज सांगणार आहे ती वाटणी नखाएवढ्या जमिनीची. पण तिलाही सातबारा आहे, आणि तो चाळीस वर्षांहून जुना आहे.

१९८३ साली आयबीएमने आपल्या एक्सटी संगणकात १० मेगाबाइटांची तबकडी बसवली. एकाच तबकडीवर निरनिराळ्या कार्यप्रणालींनी सुखाने नांदावे म्हणून तिच्या आरंभीच्या ५१२ बाइटांत एक नोंदवही ठेवली : कोणाची हद्द कुठे सुरू होते, कुठवर जाते. वहीला जागा मिळाली ६४ बाइटांची, एका नोंदीला लागत १६; म्हणून वाटे चारच. पुढे २९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजच्या मंडळींनी मुलांच्या शिक्षणासाठी रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक ३५ डॉलरला विकायला काढला. त्याला तबकडी नाही, सगळा संसार मेमरी कार्डावर. आणि गंमत पाहा, त्या कार्डावर नोंदवही मात्र तीच, १९८३ ची!

कार्डाच्या पोटात असते ती फ्लॅश स्मृती. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली. वीज गेली तरी ती विसरत नाही; पण दर पुसण्या-लिहिण्यागणिक झिजते, आणि पुष्कळदा न सांगता जाते. माझ्या अशा एका कार्डावर आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आई आता नाही. तेव्हा नक्कल हवीच.

नकलेसाठी युनिक्समधला डीडी नावाचा हुकूम आहे, १९७० च्या दशकातला. मोठा प्रामाणिक नोकर! कार्ड ३२ गिगाबाइटांचे आणि सामान चारच गिगाबाइटांचे असले, तरी हा रिकाम्या खोल्याही मोजून उतरवतो. बरे, ही नक्कल दुसऱ्या कंपनीच्या ३२ च्या कार्डावर मावेलच असे नाही. ते थोडे कमी भरते. दोन दुकानांतले शेर सारखे भरतात थोडेच!

म्हणून वाटा आकसवायचा. यात क्रम हेच सारे शास्त्र आहे. वाट्याच्या आतली फायलींची मांडणी आधी तपासायची, मग टोकाला पसरलेले सामान आत ओढून ती मांडणी लहान करायची, आणि त्यानंतरच नोंदवहीतली हद्द अलीकडे आणायची. उलटे केले, तर कुंपण आत आणि भांडीकुंडी बाहेर. कुंपण सामानाला अगदी खेटूनही घालू नये. थोडी मोकळी जागा सोडावी. मी तर मूळ कार्डाला हातच लावत नाही. संगणक बंद करून कार्ड काढतो, मोठ्या तबकडीवर पूर्ण नक्कल उतरवतो आणि आकसवतो ती नक्कल. हद्दीपलीकडचा भाग मग कापून टाकता येतो. नव्या कार्डावर गेल्यावर कुंपण पुन्हा बाहेर सरकवले की झाले.

ओव्यांची नक्कल अशीच पाच गिगाबाइटांत बसली. एक प्रत धाकट्या बहिणीला पाठवली आहे. तिने ती लावून शेवटपर्यंत ऐकली, तेव्हाच मी ती नक्कल खरी धरली.