युरोपचा १९१४ चा उन्हाळा

शाळेंत इतिहास शिकवितांना १९१४ साल आलें कीं फळ्यावर महायुद्धाच्या कारणांची यादी लिहावयाची आणि मुलांनीं ती पाठ करावयाची, असा माझा परिपाठ होता. त्या यादींत माणसें फारशीं नव्हतीं. ती उणीव आज थोडी भरून काढतों.

२१ जून रोजीं व्हिएन्ना येथें बर्था फॉन सुट्नर या वृद्ध लेखिका निवर्तल्या. युद्धाविरुद्ध लिहिलेली त्यांची कादंबरी १८८९ सालीं निघाली. १९०५ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. असें पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच शहरीं त्या वर्षीं शांततावाद्यांची परिषद भरावयाची होती. ती भरली नाहीं.

पुढचा रविवार २८ जूनचा. साराजेव्हो येथें सकाळीं युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांच्यावर फेकलेला बाँब चुकला. पण पुढें शोफर भलत्याच रस्त्यास वळला आणि गाडी थांबली ती १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपसमोर! युवराज व त्यांची पत्नी सोफी दोघेंही गेलीं. दैवाचा खेळ असा कीं, सर्बियाशीं युद्ध नको असें ऑस्ट्रियाच्या दरबारांत म्हणणारा वजनदार पुरुष हाच. त्याच्याच खुनाचें निमित्त करून ऑस्ट्रियानें २८ जुलैस सर्बियावर युद्ध पुकारलें.

फ्रान्सचे समाजवादी पुढारी झां झोरेस दुसऱ्याच दिवशीं ब्रसेल्सच्या सभेंत शांततेसाठीं बोलले. ३१ जुलैच्या रात्रीं पॅरिसच्या एका उपाहारगृहांत ते जेवावयास बसले असतां राउल व्हिलें या तरुणानें उघड्या खिडकींतून त्यांना गोळी घातली. ४ ऑगस्टला त्यांची अंत्ययात्रा निघाली. त्याच दिवशीं त्यांच्या पक्षाच्या प्रतिनिधींनीं पॅरिसांत, आणि जर्मन समाजवाद्यांनींही बर्लिनमध्यें, युद्धखर्चाच्या बाजूनें मतें दिलीं. २० ऑगस्टला जर्मन सैन्य ब्रसेल्समध्यें शिरलें; त्याच दिवशीं रोम येथें पोप दहावे पायस वारले.

हीं माणसें जगतीं तर युद्ध टळतें काय? मला तसें वाटत नाहीं. सैन्यांची जमवाजमव रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतलेली होती. तें वेळापत्रक मोडणें सम्राटांनाही साधलें नाहीं. परंतु झोरेस यांच्या बाबतींत जें पुढें झालें, तें फळ्यावर कधींच लिहिलें नाहीं याचें मला वाईट वाटतें. युद्ध संपेपर्यंत व्हिलें तुरुंगांत होता. १९१९ सालीं खटला चालला, ज्यूरीनें त्याला निर्दोष सोडलें, आणि खटल्याचा खर्च झोरेस यांच्या विधवेनें भरावा असें ठरलें.