चिकटलेलं फुप्फुस: रोग ते उपाय

विशी-पंचविशीतला उंच, सडपातळ मुलगा. ना मार लागला, ना ताप. अचानक छातीत एका बाजूला कळ येते, दम लागतो. फुप्फुसातून गळलेली हवा छातीच्या भिंतीआड साठते आणि फुप्फुस मिटतं. १८०३ मध्ये फ्रान्सच्या इतार यांनी याला 'न्यूमोथोरॅक्स' नाव दिलं.

पुढची शंभरेक वर्षं बहुतेक डॉक्टर म्हणत, हा क्षयच. म्हणजे त्या मुलाच्या कपाळी शिक्का आणि नशिबी सॅनेटोरियम. १९३२ मध्ये डेन्मार्कच्या क्येरगोर यांनी दाखवलं की हे ठणठणीत माणसालाही होतं. फुप्फुसाच्या टोकावरचा पातळ फुगा फुटतो, इतकंच.

शिक्का पुसला, पण धास्ती राहिली: पुन्हा होईल का? नुसती हवा काढली तर साधारण तिघांतल्या एकाला पुन्हा होतं, आणि दुसऱ्यांदा झालं की तिसऱ्याची शक्यता आणखी वाढते.

गंमत बघा, उपायाची वाट क्षयानेच दाखवली. इटलीचे फोर्लानिनी क्षयरोग्याच्या फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत मुद्दाम हवा भरत. पण फुप्फुस भिंतीला चिकटलेलं असलं की ते मिटेचना! स्वीडनचे याकोबेउस दुर्बीण घालून ते चिकटे तोडत. जी तिथे अडचण, तीच इथे हवी होती. कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून यांनी स्वतःच्या क्षयावर हा हवेचा उपचार घेतला होता. १९३५ मध्ये त्यांनी टाल्कची पूड वापरून फुप्फुस मुद्दाम चिकटवण्याची रीत मांडली. त्यांना ती फुप्फुसाचा भाग काढण्याआधी हवी होती. पुढे ती न्यूमोथोरॅक्सला लागू पडली. हेच बेथ्यून नंतर चीनला गेले. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाचं रुग्णालय आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी सांभाळलं.

१९४१ मध्ये अमेरिकेत टायसन आणि क्रँडल यांनी छाती उघडून आतलं आवरण घासलं. १९५६ मध्ये गेन्सलर यांनी भिंतीचं आतलं आवरण सोललं, म्हणजे जखम भरताना फुप्फुस तिथेच चिकटावं. १९९० नंतर हेच काम दोन-तीन छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीने होऊ लागलं. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा त्रास होणारे आता शंभरात मोजकेच.

तेव्हा पहिल्या वेळी घाबरू नका, पण दवाखाना टाळू नका. विडी-सिगारेट सोडा. दुसऱ्यांदा झालंच, तर शस्त्रक्रियेबद्दल स्वतःहून विचारा. त्या जुन्या मुलांना विचारायला काही नव्हतं, आपल्याला आहे.