माहिती-सुरक्षा, संरक्षण आस्थापनांतील

शस्त्रास्त्रांची रचना, उत्पादन, साठे व सैन्याच्या हालचाली यांविषयीची माहिती अनधिकृत व्यक्तीच्या हाती पडू नये, तीत फेरफार होऊ नये आणि अधिकृत व्यक्तीस ती वेळेवर मिळावी, यासाठी केलेल्या व्यवस्थेस माहिती-सुरक्षा म्हणतात. या व्यवस्थेचे मूळ तत्त्व जुने आहे. जे कार्य करावयाचे, ते ते करणाऱ्यांनाच ठाऊक असावे; इतरांना ते सुरू झाल्यावर किंवा पार पडल्यावरच कळावे, असे कौटिलीय अर्थशास्त्रात सांगितले आहे. कामापुरतीच माहिती देण्याचा आधुनिक नियम याहून वेगळा नाही.

नाशिक परिसरात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट दिसते. तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय काकूलहून जवळच्या देवळाली येथे आले. सोव्हिएट संघाशी १९६२ मध्ये झालेल्या करारानुसार मिग-२१ विमाने भारतात बांधण्याचे ठरले आणि ओझर येथे विमानाच्या सांगाड्याचा कारखाना उभा राहिला. एंजिने कोरापुट येथे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे तयार होऊ लागली. पुढे ओझरला मिग-२७ व सुखोई-३० एमकेआय ही विमानेही बांधण्यात आली. छावणीचे गुपित मोजक्या अधिकाऱ्यांपाशी राहू शकते. कारखान्याचे तसे नसते. आराखडे, सुटे भाग व चाचण्यांच्या नोंदी शेकडो कामगार, तंत्रज्ञ व पुरवठादार यांच्या हातांतून जातात. त्या अडवून ठेवल्या, तर विमानच तयार होत नाही.

कायदेशीर आधार : शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ हा या क्षेत्रातील मुख्य कायदा होय. संरक्षणविषयक हेरगिरीस त्यात चौदा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. गुपित जाणूनबुजून फोडणे हा जसा अपराध आहे, तसाच ते सांभाळताना वाजवी काळजी न घेणे हाही अपराध आहे. मात्र ‘गुपित’ या शब्दाची व्याख्या अधिनियमात नाही. कागदपत्रांचे परमगुप्त, गुप्त, गोपनीय व प्रतिबंधित हे वर्ग प्रशासकीय सूचनांनुसार ठरतात.

साधनांतील बदल : कागदांच्या काळात कुलूपबंद कपाट, प्रतींना दिलेले क्रमांक व नोंदवही ही सुरक्षेची साधने होती. छायाप्रतयंत्राने त्यांची मर्यादा उघड केली. १९८५ मध्ये दिल्लीत उघडकीस आलेल्या हेरगिरी प्रकरणात मूळ कागद जागेवर परत जात आणि प्रती बाहेर राहत. संगणकयुगात चोरी झाल्याची खूणही उरेनाशी झाली. त्यामुळे महत्त्वाची संगणकजाळी बाह्य जाळ्यापासून अलग ठेवणे, सांकेतिक लिपीचा वापर, प्रत्येक वापराची आपोआप नोंद आणि भ्रमणध्वनीस मज्जाव हे उपाय रूढ झाले. तथापि अलग ठेवलेल्या जाळ्यासमोर माणूसच बसतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ओझरच्या कारखान्यातील एका कर्मचाऱ्यास राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. विमाने व कारखाना यांविषयीची माहिती परकीय हेरसंस्थेस पुरविल्याचा आरोप त्याच्यावर होता. अशा प्रकरणांत समाजमाध्यमांवरील बनावट ओळख हे हेरांचे नेहमीचे साधन ठरले आहे. म्हणून कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि संशयास्पद संपर्क निर्भयपणे कळविता येईल असे वातावरण, यांस तांत्रिक उपायांइतकेच महत्त्व आहे.

गोपनीयतेची मर्यादा : सरसकट सर्वच कागदांवर ‘गुप्त’ असा शिक्का पडू लागला, की खऱ्या गुपिताचे मोल उरत नाही, शिवाय दोष व अपव्यय त्याच आडोशाला झाकले जातात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याने संरक्षणास बाधक ठरणारी माहिती वगळली. पण होणाऱ्या हानीपेक्षा लोकहित मोठे असल्यास ती देण्याचीही मुभा ठेवली. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तर २००६ मध्ये १९२३ चा अधिनियम रद्द करण्याची शिफारस केली होती. थोडी गुपिते निश्चित करून ती काटेकोरपणे जपणे, हे सर्व काही झाकण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरते.